लॉत आणि सेले: नदीकाठचा निवांत रस्ता नेमका कुठे सापडतो

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. मुलगी तुलूझला शिकते, तिला भेटायला सप्टेंबरात येताय. तुम्ही दोघं पन्नाशीतले, पुण्याच्या आसपास नियमित सायकल चालवता, सिंहगड पायथ्यापासून चढता. हाताशी पाच दिवस आहेत आणि फ्रान्सच्या खेड्यापाड्यांतून, एखाद्या नदीच्या कडेकडेने, गाड्यांची फार वर्दळ नसलेल्या डांबरी रस्त्यांवरून चालवायचं आहे. कुणीतरी लॉत नदीचं खोरं सुचवलं, पण तिथल्या मुख्य रस्त्याचे फोटो बघितल्यावर त्यावर ट्रकही दिसले, म्हणून शंका आली.

शंका रास्त आहे. लॉतचं खोरं सोडू नका, पण पहिले दोन दिवस तिच्या उपनदीला, सेलेला द्या. मी तुलूझला राहतो आणि या दोन्ही नद्यांच्या काठाने बरीच वर्षं सायकल चालवतोय, लहान गटही घेऊन जातो. त्यामुळे जे सांगतोय ते त्या रस्त्यांवर चालवून सांगतोय.

आधी एक गोष्ट, कारण ती कळली की तुम्ही फ्रान्समधल्या कुठल्याही खोऱ्यात स्वतःच रस्ता निवडू शकाल. निवांत रस्ता शोधताना बहुतेक जण "सायकल मार्ग" अशी पाटी किंवा नकाशावरची हिरवी रेघ शोधतात. मी एकच प्रश्न विचारतो: या रस्त्याने गाडीवाल्याचं काय काम आहे? दोन मोठ्या गावांमधला हाच सगळ्यांत जवळचा रस्ता असेल, तर नदी कितीही सुंदर असो, तिथे ट्रक, व्हॅन, ऑफिसला जाणारी मंडळी सगळी येणारच. पण त्याच दोन गावांना जोडणारा दुसरा, सरळ आणि रुंद रस्ता वरच्या पठारावरून जात असेल, तर खालचा वळणावळणाचा रस्ता आपोआप रिकामा राहतो. त्यावर उरतात ती तिथलीच माणसं: शेतकरी, पोस्टमन, गावोगाव फिरणारी पावाची गाडी. सेलेकाठचा डी ४१ (डी म्हणजे जिल्हा रस्ता) हा असा आहे. फिजाकहून काओरला, म्हणजे इथल्या एका मोठ्या गावाहून दुसऱ्याला, निघालेला ड्रायव्हर पठारावरून जातो किंवा लॉतकाठचा डी ६६२ पकडतो. सेलेकाठी शिरायचं त्याला काही कारणच नाही.

दुसरी खूण रस्त्यावरच असते. फ्रान्समध्ये अरुंद जिल्हा रस्त्यांवर मधली पांढरी रेघ मारत नाहीत. रस्त्याचे फोटो ऑनलाइन बघताना ती रेघ आहे का ते बघा. रेघ नाही, कडेला साइडपट्टी नाही, दोन गाड्या समोरासमोर आल्या की एकीला वेग कमी करावा लागतो, असा रस्ता सायकलला चांगला. कागदी नकाशा घेणार असाल तर मिशलँ (मिशेलिन) कंपनीचा घ्या. लाल आणि जाड पिवळे रस्ते सोडा, बारीक पिवळे आणि पांढरे बघा. ज्या रस्त्याच्या कडेने हिरवी पट्टी असते तो निसर्गरम्य म्हणून दाखवलेला असतो, निवांत म्हणून नव्हे. ही गल्लत फार जण करतात. चढावावर बाणाच्या टोकासारख्या खुणा असतात. एक खूण म्हणजे ५ ते ९ टक्के चढ, दोन म्हणजे ९ ते १३, तीन म्हणजे त्याहून जास्त, आणि टोक चढाच्या दिशेला असतं. भरलेल्या बॅगा घेऊन तीन खुणांच्या वाटेला जाऊ नका.

आता प्रदेश. लॉत नदी पूर्वेला माँ लोझेरजवळच्या डोंगरात उगम पावते आणि पश्चिमेला एग्वियाँपाशी गारोनला मिळते. तुम्हाला हवा तो मधला भाग. इथे नदीने चुनखडीचं पठार कापून खोल नागमोडी दरी केली आहे. पठाराला इथे 'कोस' म्हणतात. वर सगळं कोरडं: खुरटे ओक, दगडाच्या कोरड्या भिंती, दगडी झोपड्या, मेंढ्या. खाली हिरवं: अक्रोडाच्या बागा, मका, जुनी तंबाखू वाळवायची लाकडी कोठारं. हा सगळा कोस द केर्सी निसर्ग उद्यानाचा परिसर १९९९ साली घोषित झाला आणि २०१७पासून तो युनेस्कोचा जिओपार्कही आहे. सायकलवाल्याच्या दृष्टीने या रचनेचा अर्थ साधा आहे: नदीकाठी राहिलात तर चढ जवळजवळ नाही, काठ सोडलात की दीडदोनशे मीटरचा चढ लागलाच. सिंहगड चढणाऱ्या माणसाला तो जड नाही, पण दिवसातून तीनदा केला तर संध्याकाळी पाय बोलतात. म्हणून काठ कुठे सोडायचा ते आधी ठरवून ठेवा.

सुरुवात फिजाकहून करा, काओरहून नको. तुलूझहून फिजाकला थेट लोकल गाडी आहे, दोन तासांहून थोडा जास्त वेळ घेते आणि तिच्यात सायकल चढवता येते. जागा थोड्याच असतात, त्यामुळे शुक्रवार-रविवार संध्याकाळच्या गाड्या टाळा. फिजाकहून निघालात की सेलेच्या प्रवाहाबरोबर खाली जाता. उतार जाणवत नाही, पण दिवसभरात त्याचा हात लागतो. पहिली संध्याकाळ गावातच काढा. प्राचीन इजिप्तची चित्रलिपी वाचणारा शाँपोलियों १७९०मध्ये इथे जन्मला. त्याच्या नावाच्या संग्रहालयाला लागून एका चौकात रोझेटा शिलेची प्रचंड प्रतिकृती जमिनीवर आडवी पसरली आहे. काळा ग्रॅनाइट, त्यावरून चालताही येतं. जोसेफ कोसुथ या कलाकाराने १९९१ साली ती केली. शनिवारी सकाळी बाजार भरतो, तेव्हा पोहोचलात तर दोन दिवसांचं चीज आणि फळं तिथेच घ्या.

फिजाकमधून बाहेर पडतानाचे पहिले काही किलोमीटर चांगले नाहीत, हे आधीच सांगतो. पश्चिमेकडे जाणारा मोठा रस्ता अंगावर येतो. सकाळी आठच्या गर्दीत निघू नका. नऊ-साडेनऊला निघा, तोवर कामावर जाणारे गेलेले असतात. बूसाकच्या बाजूला डी ४१ला लागलात की आवाज एकदम कमी होतो. तिथून कोंदुशेपर्यंत, म्हणजे सेले लॉतला मिळते तिथपर्यंत, साधारण चाळीस-पंचेचाळीस किलोमीटर आहेत. ताकदीने एका सकाळी होतील. करू नका. दोन दिवस घ्या.

कॉर्न, मग एस्पान्याक-सेंत-युलाली. रस्ता नदीच्या एका बाजूला, गाव दुसऱ्या बाजूला. पूल ओलांडून आत जावं लागतं आणि बहुतेक गाड्या जात नाहीत. एका जुन्या जोगिणींच्या मठाभोवती हे गाव आहे. त्याच्या चर्चचा मनोरा थांबून बघण्यासारखा आहे. खालचं बांधकाम दगडी, पण घंटेचा मजला लाकडी चौकटीत विटा भरून केलेला, आणि वर टोकदार छप्पर. दगडाच्या मुलखात विटांचा हा तुकडा लांबूनही ओळखू येतो. इथूनच सेलेकाठची पायवाटही जाते, स्पेनमधल्या सांतियागोला चालत निघालेल्या यात्रेकरूंची एक फाटा-वाट. तिचा तुम्हाला मोठा फायदा आहे: यात्रेकरूंमुळे या छोट्या खोऱ्यात स्वस्त आणि स्वच्छ निवासगृहं टिकून आहेत. 'झीत देताप' म्हणून विचारा. सायकलवाल्यांनाही घेतात, रात्रीचं जेवण बहुतेक ठिकाणी मिळतं, फक्त आदल्या दिवशी फोन हवा.

ब्रेंग, सें-स्युल्पिस, मग मार्सियाक. या पट्ट्यात कड्यांकडे बघत चला. उभ्या खडकाच्या पोटात, वीस-तीस माणसंही जेमतेम मावतील अशा जागी, भिंती बांधून काढलेल्या दिसतील. मध्येच एखादी खिडकी. लोक त्यांना 'इंग्रजांचे किल्ले' म्हणतात, कारण शंभर वर्षांच्या युद्धाशी त्यांचा संबंध जोडला जातो. मार्सियाकला बेनेडिक्टिन मठाचे अवशेष आहेत. चर्चच्या पश्चिमेकडच्या भागाला छप्परच राहिलेलं नाही, त्यामुळे खांबांच्या मधून थेट आकाश दिसतं. पहिला मुक्काम इथे ठेवा. दुपारी पोहोचून नदीत पाय बुडवून बसण्याइतका वेळ राहील, आणि गावात संध्याकाळी खायला मिळेल. या खोऱ्यात प्रत्येक गावात दुकान असेल असं समजू नका. बऱ्याच ठिकाणी एकही नाही.

दुसऱ्या दिवशी सोलियाकवरून काब्रेरे. हा माझ्या मते सगळ्यांत सुंदर टप्पा. काब्रेरेपाशी कडा रस्त्याच्या डोक्यावर पुढे झुकलेला आहे आणि त्याच्या पोटात अर्धा किल्ला उभा आहे. भर दुपारीही तिथे सावली असते. गावाच्या वर पेश-मेर्ल ही आदिमानवाच्या चित्रांची गुहा आहे. तीन किलोमीटरचा चढ, पण हा चढ चुकवू नका. १९२२ साली गावातल्या दोन पोरांनी, आंद्रे दाव्हिद आणि हेन्री द्युतेर्त्र यांनी, ही चित्रं शोधली. काब्रेरेचे धर्मगुरू लेमोझी यांनी त्यांना गुहांचं वेड लावलं होतं. आत ठिपक्यांचे दोन घोडे आहेत, त्यांच्याभोवती हातांचे ठसे. वय सुमारे २९ हजार वर्षं. उजवीकडच्या घोड्याचं डोकं बघताना खडकाची कड नीट बघा: खडकालाच घोड्याच्या डोक्यासारखा आकार आहे, आणि चित्र तिथेच काढलेलं आहे. मूळ गुहा आहे, प्रतिकृती नव्हे, म्हणून दिवसाला ७०० माणसांनाच सोडतात. तिकीट आधी काढा. आत बारा-तेरा अंश असतात आणि तुम्ही घामाने ओले असता, तेव्हा जाकीट बरोबर हवंच. पेडलला अडकणारे क्लिटचे बूट आत घसरतात. साधे बूट किंवा सँडल पिशवीत ठेवा.

काब्रेरेहून कोंदुशे चार-पाच किलोमीटर, आणि लॉत आली. इथे नदीची रुंदी बदलते, आणि रस्त्याचीही. समोर डी ६६२ दिसेल. त्यावर फार न रेंगाळता बूझिएसचा अरुंद झुलता पूल ओलांडा. पलीकडे डी ४० आहे, तो कड्याच्या कडेने सें-सीर-लापोपीला चढतो. बॅगांसह दमवणारा चढ आहे, पण वर बांकुरेल नावाच्या जागी थांबलात की खाली नदीचं पूर्ण वळण आणि पुढच्या कड्यावर टांगलेलं गाव एकदम दिसतं. बूझिएसहून कड्यात कोरलेली एक वाटही सें-सीरकडे जाते. १९व्या शतकात बोटी ओढणाऱ्यांसाठी खडक फोडून केलेली. ती रोड सायकलची नव्हे. सायकली बूझिएसला कुलूप लावून ठेवा, ती वाट चालत जाऊन बघा आणि परत या.

सें-सीर-लापोपीला २०१२मध्ये फ्रेंच लोकांनी आपलं सगळ्यांत आवडतं गाव म्हणून निवडलं. परिणाम तुम्ही ओळखालच. दुपारी अकरा ते पाच तिथे पाय ठेवायला जागा नसते, आणि त्या वेळात गावाकडे जाणाऱ्या रस्त्यावर कॅम्पर गाड्यांची रांग असते. सप्टेंबरात जरा बरं असतं. माझा सल्ला: मुक्काम तिथेच करा. संध्याकाळी सहानंतर गाव गावकऱ्यांना परत मिळतं. कवी आंद्रे ब्रतों १९५०च्या दशकापासून उन्हाळे इथे का काढत होता, ते तेव्हा समजतं. गल्ल्या दगडी आणि उभ्या आहेत, सायकल हातात धरूनच चाला.

तिथून काजार्कपर्यंतचा टप्पा हा तुमच्या मूळ शंकेचं उत्तर आहे. डी ६६२ उजव्या काठाने जातो. ट्रक दिसले ते याच रस्त्यावर. तो काही भयंकर नाही, फ्रेंच ड्रायव्हर बहुतेक वेळा नीट अंतर ठेवून जातात. गावाबाहेर सायकलला ओलांडताना दीड मीटर आणि गावात एक मीटर अंतर ठेवायचा कायदाच आहे. पण सुट्टीवर आलेल्या माणसाने तासभर मागून येणारे आवाज का ऐकावेत? डावा काठ घ्या. क्रेगोल, सेनव्हियेर, काल्विन्याक अशी गावं लागतात. रस्ता मधूनमधून काठ सोडून वर जातो, त्यामुळे समोरच्या काठापेक्षा थोडा जास्त घाम निघतो. गाड्यांना तिकडून जाण्यात काही मिळत नाही, म्हणूनच तो तुमच्या वाट्याला येतो. सेनव्हियेरचा किल्ला नदीवर सरळ उठलेल्या कड्यावर आहे. सप्टेंबरच्या तिसऱ्या शनिवार-रविवारी वारसा दिन असतात. त्या दिवशी एरवी बंद असणारी बरीच ठिकाणं उघडी असतात, तारखा जुळल्या तर बघा.

काजार्क हे गोल रस्त्याभोवती वसलेलं छोटं गाव. लेखिका फ्रांस्वाझ सागाँ १९३५मध्ये इथे जन्मली, राष्ट्राध्यक्ष पाँपिदू यांचं सुट्टीतलं घर जवळच होतं. केर्सीचं केशर याच भागात होतं; फुलं ऑक्टोबरात येतात, म्हणजे तुम्हाला शेतं दिसणार नाहीत, पण दुकानात केशर मिळेल. इथे एक दिवस बॅगा मुक्कामावर ठेवून रिकाम्या सायकलने फिरा. पूल ओलांडून डी १२७ने सो द ला मूनीनला, म्हणजे 'माकडिणीची उडी' या कड्यावर, चढा. नावामागची गोष्ट अशी: माँब्रँच्या सरदाराने रागाच्या भरात स्वतःच्या मुलीला कड्यावरून ढकलून देण्याचा हुकूम सोडला. एका साधूने मुलीचे कपडे एका माकडिणीला घातले आणि त्या माकडिणीला खाली टाकलं. बापाला पश्चात्ताप झाला, तेव्हा मुलगी जिवंत निघाली. त्या कड्यावरून लॉतचं मोठं वळण, मधली चौकोनी शेतं आणि पलीकडच्या काठाला माँब्रँचा पडका किल्ला, सगळं एका नजरेत येतं. वर पठारावर तिथल्या मेंढ्या बघायला मिळतील. अंग पांढरं, पण डोळ्यांभोवती आणि कानांवर काळं, जणू सगळ्यांनी एकाच दुकानातून चष्मे घेतलेत.

शेवटचा दिवस काजार्क ते फिजाक, पंचवीस किलोमीटरच्या आसपास. लारोक-तुआराकपर्यंत खोरं, मग फेसेलला रस्ता नदी सोडून वर चढतो आणि पलीकडे फिजाकला उतरतो. इथे डी ६६२ पूर्णपणे टाळता येत नाही. रविवारी सकाळी किंवा दुपारी बारा ते दोन या वेळात करा. बारा ते दोन ही वेळ लक्षात ठेवाच. या भागात जेवणाची सुट्टी अजून पाळली जाते. व्हॅन उभ्या असतात, दुकानं बंद असतात, आणि रस्ते तुमचे असतात. अर्थात खायला साडेअकराच्या आत घेऊन ठेवलेलं हवं.

हा सगळा फेरा साधारण शंभर किलोमीटरचा, फिरण्याचे फाटे धरून दीडशेच्या आत. पाच दिवसांना हे कमी वाटेल. मी मुद्दाम कमी ठेवलंय. ज्यांना मोजदाद हवी असते त्यांना मी काओरच्या खालचा भाग सुचवतो: काओर ते एग्वियाँ असा लॉतकाठचा १६० किलोमीटरचा पाट्या लावलेला सायकल मार्ग आहे, द्राक्षमळ्यांतून जातो, छान आहे. पण खोरं तिकडे उघडं आणि वस्तीचं, आणि तुम्ही जे मागितलंत ते सेलेकाठी जास्त आहे. काओरचा १४व्या शतकातला व्हालांत्रे पूल बघायचा असेल तर परतीला तुलूझहून सव्वा तासाच्या गाडीने एका दिवसात होतो. बूझिएसहून सायकलनेच काओरला जायचं ठरवलंत तर व्हेरपासून पुढचा डी ६५३ मात्र टाळा, तिथे खरंच वर्दळ असते. डाव्या काठाने पास्त्युरा-आर्कांबालकडून शहरात शिरा.

आता ज्या गोष्टींनी सहल बिघडते त्या. पहिली गोष्ट ब्रेकची. आपल्याकडे बऱ्याच सायकलींना उजव्या हातात पुढचा ब्रेक असतो. फ्रान्समध्ये भाड्याने मिळणाऱ्या सायकलीत पुढचा ब्रेक डाव्या हातात असतो. घाटात उतरताना सवयीने डावा ब्रेक करकचून दाबलात तर पुढचं चाक जागीच अडतं. सायकल ताब्यात घेतल्यावर मोकळ्या जागेत दहा-पंधरा मिनिटं फक्त ब्रेक मारून बघा, किंवा दुकानदाराला केबल बदलून द्यायला सांगा. हायड्रॉलिक ब्रेक असतील तर तो कदाचित नाही म्हणेल. टायर २८ मिलिमीटरपेक्षा बारीक नको, ३२ उत्तम. इथल्या जिल्हा रस्त्यांचं डांबर खरबरीत असतं.

दुसरी गोष्ट खडीची. उन्हाळ्यात रस्त्यावर गरम डांबर ओतून त्यावर बारीक खडी पसरतात आणि गाड्यांच्या चाकांनीच ती दबू देतात. 'ग्राव्हियों' अशी पाटी दिसली की वेग निम्मा करा, वळणात ब्रेक मारू नका, गाडीच्या चाकांनी झाडून काढलेल्या पट्ट्यातून चाला. सप्टेंबरातही असे तुकडे सापडतात.

तिसरी, उजवीकडून येणाऱ्याचा हक्क. रस्त्याच्या उजव्या बाजूने चालवायचं हे तर तुम्हाला ठाऊकच आहे. पण गावात पाटी नसलेल्या चौकात उजवीकडच्या गल्लीतून येणाऱ्या गाडीला आधी जाऊ द्यायचं असतं, गल्ली कितीही बारीक असली तरी. तुम्ही हमरस्त्यावर आहात म्हणून तो थांबेल, हे गृहीत धरू नका. गोल चौकात मात्र बहुतेक ठिकाणी आत असलेल्याचा हक्क पहिला. कानात इअरफोन घालून सायकल चालवणं इथे बेकायदा आहे. सप्टेंबरात सकाळी नदीवर दाट धुकं बसतं, दहा वाजेपर्यंतही हटत नाही, दिवे लावा. गावाबाहेर कमी उजेडात चमकणारं जाकीट सक्तीचं आहे. महिन्याच्या उत्तरार्धात शिकारीही सुरू झालेली असते. रस्त्याच्या कडेला 'शास आँ कूर' अशी पाटी उभी केलेली दिसली तर झाडीतल्या पायवाटेवर शिरू नका, डांबरीवरच राहा.

रविवारी दुपारी डी ४१वर मोटरसायकलवाल्यांचे ताफे येतात. वळणांचा रस्ता त्यांनाही आवडतो. म्हणून सेलेचे दोन दिवस सोमवार ते शुक्रवारमध्ये बसवा. पण सोमवारी बेकऱ्या आणि खानावळी बंद असण्याची शक्यता जास्त, तेव्हा मंगळवार-बुधवार सगळ्यांत बरे.

पाण्याची युक्ती इथल्या सगळ्या सायकलवाल्यांना ठाऊक आहे: गावची दफनभूमी. फुलांना पाणी घालायला तिथे नळ असतोच. 'ओ नों पोताब्ल' अशी पाटी असेल तर ते पिऊ नका. काहीच पाटी नसेल तर मी तरी शेजारच्या घरात विचारतो. बाटली पुढे करून विचारलं तर नाही म्हणणारं कुणी मला भेटलेलं नाही. आधी 'बोंझूर' म्हणा, मगच प्रश्न. थेट प्रश्न टाकणं इथे उद्धटपणा वाटतो.

तुम्ही शाकाहारी आहात असं लिहिलंत. हा बदकाचा मुलूख आहे. मांस ताटात दिसलं नाही तरी बटाटे बदकाच्या चरबीत तळलेले असतात आणि सॅलडवरही तुकडे येतात. "सां व्यांद" म्हणजे मांस नको, एवढं पुरेसं नाही. "सां ग्रेस द कानार" हेही सांगा, म्हणजे बदकाची चरबी नको. निवासगृहात आदल्या दिवशी फोनवर सांगितलंत तर बहुतेक वेळा कुणीतरी मनापासून भाजीचं सूप आणि ऑम्लेट करून देतं. अंडं चालत नसेल तर तेही तेव्हाच सांगा. दिवसाचं खाणं मात्र सोपं आहे: ताजा पाव, रोकामादूरचं बकरीच्या दुधाचं लहान गोल चीज, टोमॅटो, अक्रोड, सप्टेंबरचे अंजीर. शेतकऱ्याच्या दारात अक्रोडाची पिशवी आणि शेजारी पैसे टाकायचा डबा ठेवलेला दिसला तर घ्या. रस्त्यावर पडलेले अक्रोड मात्र उचलू नका. झाड कुणाच्या तरी बागेतलं असतं आणि इथे त्यावर माणसांचं घर चालतं.

मुक्काम आत्ताच ठरवून टाका, निदान मार्सियाक आणि सें-सीरचे. खोल्या मोजक्याच आहेत. फिजाकची परतीची गाडी मात्र शेवटची धरू नका, दुपारचीच धरा, म्हणजे पंक्चर झालं तरी घाई नाही. तारखा पक्क्या झाल्या की कळवा. त्या आठवड्यात डी ४१वर कुठे काम चालू असेल तर वळसा कुठून घ्यायचा ते बघून सांगतो.